रेवती बरी आहे

अप्पा गेले तेव्हा त्यांच्या मागे दोन मुली आणि एक संगणक असा परिवार होता. थोरली मुलगी मेलबर्नला, धाकटी कराडला त्यांच्याजवळ आणि संगणक खिडकीजवळ. निधनवार्तेत संगणकाचा उल्लेख राहून गेला. तीन वर्षांनी कळलं, की घरातला मुख्य वारस तोच होता.

धाकटी मुलगी मी. कराडच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते. हा विषय घेणारे विद्यार्थी वर्षाला पाच असतात आणि त्यांतले दोन चुकून आलेले असतात. लग्न झालं होतं, ते संपलं. कारणांचा या गोष्टीशी संबंध नाही.

संगणक २०२४ सालचा. काळा सीपीयू, आठ जीबी रॅम आणि सुरू होताना घसा साफ करण्याची सवय. २०३९ साली असलं यंत्र घरात ठेवणं म्हणजे घरात बंब ठेवण्यासारखं होतं. भंगारवाल्याने एकदा तो उचलून, वजन बघून, परत जागेवर ठेवला होता. ‘सहवास’ बाजारात आल्यावर तोच भंगारवाला दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी पेढे घेऊन.

‘सहवास’मागचा शोध थोडक्यात असा. माणूस बोलताना खोटं बोलतो, लिहिताना तर बोलतोच. पण टाइप करताना त्याची बोटं खोटं बोलत नाहीत. कोणत्या शब्दाआधी तो अडतो, किती वेळ अडतो, काय लिहून पुसतो, पुसून त्या जागी काय घालतो, याचे बारीक ठसे संगणकाच्या डिस्कवर कुठे ना कुठे उरतात. दहा-बारा वर्षांचे ठसे हाती लागले, तर तो माणूस यापुढे काय म्हणाला असता हे बऱ्यापैकी सांगता येतं. हा आत्मा नव्हे, असं माहितीपत्रकात दोनदा छापलेलं होतं. पहिल्या आवृत्तीत ते एकदाही छापलं नव्हतं आणि त्यावरून खटला झाला होता.

मग एका दिवंगत आमदारांनी प्रचाराच्या दोन सभा गाजवल्या आणि सरकारने घाईघाईने कायदा केला. मृत माणसाची प्रतिमा एकच. ती त्याने वापरलेल्या यंत्रावरच चालेल. यंत्राला इंटरनेट नसेल. आणि ती चालेल व्हर्च्युअल मशीनच्या आत, सीलबंद.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या पोटात उभारलेला दुसरा, लटका संगणक. आतल्याला वाटतं, आपली डिस्क वेगळी, आपली मेमरी वेगळी, आपलं घड्याळही वेगळं. प्रत्यक्षात सगळं बाहेरच्याने दिलेलं असतं आणि बाहेरचा ते केव्हाही काढून घेऊ शकतो. बाहेरच्याला यजमान म्हणतात, आतल्याला पाहुणा. एकत्र कुटुंबात राहिलेल्या माणसाला याहून जास्त समजावून सांगावं लागत नाही.

आणखी एक. मशीन बंद केलं, की पाहुणा मूळच्या स्नॅपशॉटवर परत जातो. म्हणजे पहिल्या दिवशी जसा होता, तसा. आज त्याला जे सांगाल ते उद्या त्याच्या लक्षात नसतं. मेलेल्या माणसाने नव्या गोष्टी शिकू नयेत, असं कायद्याचं मत आहे. जिवंतांना तशी मुभा आहे, पण सक्ती नाही.

‘सहवास’चा परवाना ताईने आणला. ताई म्हणजे केतकी, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, मेलबर्नला फिजिओथेरपिस्ट. तीन आठवड्यांची रजा काढून ती आली, दारातच मला मिठी मारली आणि माझ्या खांद्यावरून संगणकाकडे बघून म्हणाली, “आहे ना गं अजून चालू?”

जोडणीसाठी तस्नीम मुजावर आली. चाळिशीची, कमी बोलणारी, अख्ख्या तालुक्यात जुन्या यंत्रांना हात लावणारी एकटीच. तिने आठ जीबीतली तीन यजमानाला ठेवली, साडेचार पाहुण्याला दिली आणि उरलेली अर्धी संकटकाळासाठी राखली.

“मॅडम, हे चालू असताना दुसरं काही उघडायचं नाही. कॅल्क्युलेटरसुद्धा नाही. अडकेल.”

अप्पा बोलत असताना दुसरं काही करायचं नाही, हा नियम आमच्या घरात आधीपासूनच होता.

मग तिने एक फॉर्म पुढे केला. प्रश्न अकरावा : ‘सदर संगणक मृत व्यक्तीव्यतिरिक्त अन्य कोणी नियमितपणे वापरत होते काय?’

इथे मला थोडं सांगायला हवं. संगणक घरात आला आणि सहा महिन्यांत अप्पांचे हात थरथरू लागले. अप्पा भूमी अभिलेखमधले भूकरमापक, चाळीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस. त्यांना कपातला चहा धरवेना. “केतूला कळवू नकोस. तिकडे एकटी काळजी करत बसेल,” एवढंच ते म्हणाले. परदेशी गेलेल्या मुलांना सगळं शेवटी आणि एकदम कळवायचं, ही आपल्याकडची रीत आहे. व्हिडिओ कॉलवर ते हात टेबलाखाली ठेवत. दर रविवारी अकरा वाजता ताईला पत्र जायचं, ते मी टाइप करायची. मजकूर अर्थात अप्पांचा.

ताई माझ्या मागे उभी होती. मी ‘नाही’वर खूण केली.

पाऊण तास यंत्राने घसा साफ केला. मग काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकू लागली. ताईने ओढणीला हात पुसले आणि टाइप केलं : अप्पा, मी केतकी.

‘केतू! अगं किती दिवसांनी! बस आधी. तुझ्या परसातल्या लिंबाला फुलं आली का, का यंदाही रुसलाय? आणि पाठ कशी आहे? दुसऱ्यांच्या पाठी दाबता दाबता स्वतःची विसरू नकोस, सोन्या.’

ताई रडायला लागली. तस्नीम नम्रपणे खिडकीबाहेर बघू लागली. माझेही डोळे भरून आले, हे कबूल करते. मग ताई उठली, म्हणाली, “बस ना रेवू, तूही बोल,” आणि मी तिच्या ऊब असलेल्या खुर्चीत बसले.

अप्पा, मी रेवती.

डिस्क फिरली. थांबली. पुन्हा फिरली.

‘रेवती बरी आहे,’ पडद्यावर आलं. ‘तू तुझी काळजी घे.’

ताई डोळे पुसता पुसता हसली. “अय्या, अगदी पत्रातल्यासारखं!”

मीही हसले. बारा वर्षं मी ज्याला मोजे घातले, ज्याच्या ताटातल्या भाकरीचे तुकडे केले, ज्याच्या नखांपासून औषधांपर्यंत सगळं पाहिलं, तो मला माझीच खुशाली कळवत होता. एखाद्या तिऱ्हाइताला कळवावी तशी.

पुढचे दहा दिवस असे गेले. कॉलेजातून मी घरी यावं, तर ताई संगणकासमोर मांडी घालून बसलेली. मी चहा टाकावा. ती चहा घेता घेता मला वाचून दाखवणार. “ऐक ना, अप्पा म्हणतात, मी लहानपणी पेरूच्या झाडावरून पडले तेव्हा त्यांनी साखळी टेपने झाडाची उंची मोजली होती. तुला माहीत होतं?”

“हो.”

“तुला कसं माहीत? तू तर पाळण्यात होतीस.”

“सांगायचे ते,” मी म्हटलं आणि आलं किसायला घेतलं.

मत्सर ही भावना मी वर्गात उदाहरणादाखल पुष्कळदा वापरली आहे. ‘अ’ला ‘ब’चा मत्सर वाटतो, यासाठी ‘ब’पाशी काहीतरी असावं लागतं जे ‘अ’पाशी नाही. उदाहरण सुटसुटीत असतं. प्रत्यक्षात ‘अ’ स्वयंपाकघरात उभी असते, बाहेरच्या खोलीत कीबोर्ड वाजत असतो आणि प्रत्येक टकटकीला ‘अ’च्या मनात येतं : आता तिला सोन्या म्हणाले असतील.

ताई दुपारची झोपायची तेव्हा, माझ्या सुट्टीच्या दिवशी, मी प्रयत्न करून पाहिले. अप्पा, मी रेवती, तुमच्याजवळ राहणारी. ‘रेवती बरी आहे.’ अप्पा, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात बाकावर कोण बसलं होतं? ‘ऑपरेशन छान झालं. काळजीचं कारण नाही.’ अप्पा, तुम्हाला दोन मुली आहेत ना? ‘आहेत ना! केतू तिकडे आहे. रेवती बरी आहे.’

तर्कशास्त्राचा आधार संपल्यावर मी यजमानपदाचा आधार घेतला. यजमानाच्या पडद्यावर एक पट्टी असते : ‘पाहुण्यास द्यावयाची मेमरी’. तिच्यावरचं बटण मी साडेचारवरून दोनवर सरकवलं. हे मी का केलं, याचं कारण मी स्वतःला असं दिलं, की जुन्या यंत्रावर फार ताण नको. स्वतःला कारणं देण्याचं मला रीतसर प्रशिक्षण आहे.

संध्याकाळी ताई बसली. अप्पा, मी केतकी.

बराच वेळ गेला.

‘हं.’

कसे आहात अप्पा?

‘ठीक आहे.’

काय करताय?

‘बसलोय.’ मग मोठ्या विरामानंतर : ‘जेवलीस?’

ताईचा चेहरा पांढरा पडला. “रेवू! रेवू, इकडे ये! अप्पांना काय झालं बघ! हे असे कधीच नव्हते गं!”

मी हातातली पळी घेऊन धावत आले आणि पडद्याकडे बघत राहिले. हं. ठीक आहे. बसलोय. जेवलीस? गेल्या दहा दिवसांत पहिल्यांदाच मला ओळखीचं माणूस दिसत होतं. अप्पा असेच होते. अगदी असेच. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिले.

“काहीतरी कर ना! त्यांचं बोलणं गेलंय!”

मी बटण पुन्हा साडेचारवर नेलं. अर्ध्या मिनिटात अप्पा गेले आणि ताईचे अप्पा परत आले. ‘केतू! अगं, कुठे होतीस?’ ताईने छातीवर हात ठेवला. “बाई गं. घाबरलेच मी.”

मीही.

दुसऱ्या दिवशी ताई आत्याकडे उंब्रजला गेली. मी दार लावलं, खुर्चीत बसले आणि आयुष्यात कधी केली नव्हती ती गोष्ट केली. टाइप केलं : अप्पा, मी केतकी.

‘केतू! किती दिवसांनी!’

मला माहीत होतं हे खोटं आहे. तरी मी खुर्ची पुढे ओढली. मी लिहिलं, अप्पा, आज फार दमले. ते म्हणाले, ‘दमणारच. सगळ्यांचं करणारं माणूस दमतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. पाय वर करून बस आधी.’ मी खरंच पाय वर केले. खुर्ची करकरली. मी म्हटलं, काहीतरी सांगा ना.

‘काय सांगू? समोरच्या टाकीवरचे मामलेदार आज दुसऱ्या बगळ्याला बसू देईनात. मोजणी होऊन हद्द कायम झाल्याशिवाय जागा देणार नाही म्हणतात. दुसऱ्याने अर्ज टाकलाय. आता पुढची तारीख.’

मी मोठ्याने हसले. मग हसता हसता थांबले.

समोरच्या पाण्याच्या टाकीवर कधीच बगळा नव्हता. टाकीही अप्पांना मोतीबिंदूमुळे धड दिसत नसे. एका रविवारी पत्रात लिहायला काहीच नव्हतं, म्हणून मी तो बगळा बसवला होता. एक पाय वर घेऊन. ‘मामलेदार’ हे नावही मीच ठेवलं होतं.

खरं काय ते आता लिहून टाकते. रविवारी अकराला अप्पा आरामखुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, “लिही.”

“काय लिहू?”

“ठीक आहे म्हणून लिही.”

“आणि?”

“आणि काय? जेवतो, झोपतो.”

पहिली तीन पत्रं मी तशीच पाठवली. ताईचं उलट पत्र आलं : अप्पा, तुम्ही इतकं कमी का लिहिता? तब्येत बरी नाही का? तब्येतीचं लपवायचं होतं, म्हणून चौथं पत्र मी जरा लांबवलं. पाचव्यात लिंबाचं झाड विचारलं. दहाव्यात ‘सोन्या’ आला. अप्पांनी उभ्या जन्मात कुणाला सोन्या म्हटलं नव्हतं. ताईची उत्तरं उमलत गेली, तसतशी मीही रंगत गेले. पत्र पुरं झालं की अप्पांना वाचून दाखवायची. ते ऐकून म्हणायचे, “ठीक आहे.” आणि स्वतःबद्दल काय लिहिणार? चांगलं लिहिणं शोभेना. वाईट लिहावं, तर ताईला वाटायचं अप्पांना माझा जाच होतो. म्हणून प्रत्येक पत्रात एकच ओळ. बारा वर्षं, सहाशेच्या वर रविवार. रेवती बरी आहे.

तर यंत्राने प्रामाणिकपणे माझा ठसा घेतला होता. मीच माझ्या हातचं वाढत होते आणि जेवणारीवर जळत होते.

पडद्यावर रेघ लुकलुकत होती. ‘केतू, आहेस ना?’

मी मशीन बंद केलं.

ताईने विषय काढला तो शेवटच्या आठवड्यात. “रेवू, मी संगणक घेऊन जाऊ का गं? कायद्यात एकदा वारसाकडे नेता येतो. फक्त दुसऱ्या वारसाचं ना-हरकत लागतं.”

“तस्नीमला विचारायला हवं,” मी म्हटलं. म्हणजे नको. ताईला बारा वर्षं पत्रं मिळाली होती, आता पत्रं लिहिणारी बाईही हवी होती.

हलवण्याआधी तपासणी करावी लागते. ताई खरेदीला गेलेली असताना तस्नीम आली. तिने यंत्राला आपला लॅपटॉप जोडला, बराच वेळ पाहत राहिली, आणि शेवटी चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, “मॅडम, अकराव्या प्रश्नाला तुम्ही ‘नाही’ लिहिलंय.”

“लिहिलंय.”

“इथं दोन हात आहेत. सत्त्याण्णव टक्के एक, दहा बोटांचा. टायपिंगची परीक्षा पास झालेला. आणि तीन टक्के दुसरा, एका बोटाचा. एकेका अक्षराला सात-सात सेकंद. चारदा पुसलेलं.” ती थांबली. “प्रणाली बहुमत बघते. ज्याचे ठसे जास्त, तो माणूस. उरलेला कचरा म्हणून बाजूला.”

“लोकशाही आहे,” मी म्हटलं.

“मला काय, मी पुढं पाठवते कागद. पण कचरा एकदा बघा की. सगळा एकाच फाइलमध्ये आहे.”

‘मोजणी’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘हजेरी’ नावाची फाइल होती. त्या फोल्डरात जुने नकाशे असतील, असं मी बारा वर्षं धरून चालले होते. तस्नीमने ती उघडली आणि पाणी प्यायला आत गेली. तिला तहान लागली नव्हती.

तारीख. मग : रे. आली ५.४०.

तारीख. रे. आली ५.३८. हसली.

तारीख. रे. आली ५.५२. पिशवी जड.

तारीख. रे. नाही. ६.१०. नाही. ६.३०. नाही. ७.०५. आली. चप्पल तुटली.

तारीख. रे. आली ५.४१. बोलली नाही.

खाली, खाली, आणखी खाली. रविवार आणि सुट्ट्या सोडून बारा वर्षं. संगणक खिडकीजवळ होता आणि त्या खिडकीतून आमचं फाटक तेवढं दिसतं. मोतीबिंदूच्या डोळ्यांनाही दिसेल इतकं जवळ. मी आत यायची तेव्हा अप्पा पडद्याकडे बघत बसलेले असायचे. मला वाटायचं, पत्त्यांचा डाव लावतात. मी विचारायची, “काय, जिंकलात का?”

ते म्हणायचे, “ठीक आहे.”

तस्नीम परत आली तोवर मी चेहरा नीट केला होता. “हे प्रतिमेत येतं का?” मी विचारलं.

“नाही. प्रतिमा पाहुण्याची. कचरा यजमानाचाच असतो. कायद्यात त्याच्याबद्दल काही लिहिलेलं नाही.” तिने खिशातून पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला आणि पुन्हा पाणी प्यायला गेली.

निघायच्या आदल्या सकाळी ताई सीपीयू जुन्या रजईत गुंडाळत होती. ना-हरकतीचा कागद टेबलावर होता, त्यावर पेन. माझ्यापाशी आता सांगण्यासारख्या दोन गोष्टी होत्या, पत्रांची आणि हजेरीची. पहिली सांगितली असती, तर तिचे अप्पा संपले असते. दुसरी सांगितली असती, तर माझे सुरू झाले असते. दोन्ही वाक्यं मिळून दहा सेकंदांची होती. दहा दिवस मी जे सोसलं, त्याची भरपाई दहा सेकंदांत.

“रागावलीस ना?” ताईने मान वर न करता विचारलं.

“नाही गं.”

“रागाव. मी असते तर रागावले असते.” तिने दोरीची गाठ मारली, ती सुटली, पुन्हा मारली. “खरं सांगू? पत्र उघडलं, की मला आधी तुझा राग यायचा.”

“माझा? का?”

“ती ओळ. ‘रेवती बरी आहे.’ दर वेळी. असणारच ना बरी! अप्पा शेजारच्या खुर्चीत. ज्याला आपण रोज बघतो, त्याच्याबद्दल आणखी काय लिहायचं असतं? मला चार पानं यायची, कारण मी नव्हते. तुझी एक ओळ, कारण तू होतीस. ती एक ओळ मला पाहिजे होती, रेवू. मी ती वाचून जळायची. पन्नाशी उलटली तरी.”

दोघींनी बारा वर्षं एकमेकींवर जळावं आणि दोघींचा पुरावा एकच ओळ असावी. तीही मी लिहिलेली. तर्कशास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. घरात त्याला बहिणी म्हणतात.

मी पेन उचलून सही केली. हे औदार्य नव्हे, गैरसमज नको. मी खरं सांगितलं असतं, तर तिची पत्रं गेली असती, त्याबरोबर ती ओळ गेली असती आणि त्या ओळीबरोबर तिचा मत्सर. आयुष्यात प्रथमच माझा कुणाला तरी हेवा वाटत होता. तो मी स्वतःच्या हाताने का घालवू?

“पेन ड्राइव्ह कसला गं तो?” टेबलाकडे बघून ताई म्हणाली.

“कॉलेजचा,” मी म्हटलं.

विमानतळावर सामान तपासणाऱ्याने विचारलं, रजईत काय आहे. ताईने “वडील” असं सांगितलं आणि तिला तासभर थांबवून ठेवलं.

ही गोष्ट चार महिन्यांपूर्वीची. खिडकीजवळचं टेबल आता रिकामं आहे. मी घरी येते, पर्स तिथे ठेवते. एकदा भिंतीवरचं घड्याळ बघितलं, तर पाच चाळीस. मग बघायचं सोडून दिलं. मग पुन्हा बघायला लागले.

परवा रविवारी अकराला ताईचा फोन आला. मेलबर्नला दुपार टळली होती. तिने लिंबाचं सांगितलं, मामलेदारांच्या नव्या भानगडी सांगितल्या. मग जरा घुटमळली.

“रेवू, एक सांगू? हसशील. काल मी त्यांना लिहिलं, मी रेवती.”

माझ्या हातातला फोन मी दुसऱ्या कानाला लावला. “का?”

“बघायचं होतं, तुझ्याशी कसे बोलायचे. मी तिथे होते तेव्हा वाटलं, मी मागे उभी म्हणून ते मोकळं बोलत नसतील. म्हटलं एकटीने बघावं.”

“मग? काय म्हणाले?”

“‘रेवती बरी आहे. तू तुझी काळजी घे.’ तेवढंच. चार वेळा केलं.” तिच्या आवाजात काहीतरी हललं. मला तो मत्सर ओळखू आला, कारण तो मी बरीच वर्षं वापरला होता. फक्त त्यात या वेळी दयेचा अंश होता आणि तो मला खपला नाही. “रेवू, ते तुझ्याशी खरंच एवढंच बोलायचे का गं? बारा वर्षं?”

“नाही,” मी म्हटलं. “माझ्याशी एवढंही बोलायचे नाहीत.”

“मग काय करायचे?”

खिडकीतून फाटक दिसत होतं.

“मी यायची वाट बघायचे,” मी म्हटलं. “रोज. लिहून ठेवायचे.”

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. नेटवर्क गेलं असण्याची शक्यता आहे. मी ती विचारात घेणार नाही.